आसरा मागणारे आणि आसरा नाकारणारे

नववीच्या वर्गात अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाचा भाग सुरू करताना मी दरवर्षी एकच प्रस्तावना करीत असे. इंग्लंडमध्ये धर्माच्या नावाने छळ होत होता, म्हणून काही माणसे समुद्र ओलांडून अमेरिकेत गेली आणि आपल्या श्रद्धेप्रमाणे जगता यावे यासाठी त्यांनी तिथे वसाहती वसवल्या. फळ्यावर 'मेफ्लॉवर, १६२०' लिहायचे आणि पुढे जायचे. एका वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिने गुलामांच्या व्यापाराबद्दल कुठेतरी वाचले होते. म्हणाली, "सर, जो लोग ख़ुद ज़ुल्म से भागे थे, उन्होंने दूसरों पर ज़ुल्म क्यों किया?"

मी म्हटले, "कल बताऊँगा." शिक्षकाचा 'उद्या' किती लांबतो हे शिक्षकांना ठाऊक असते. तो लांबत गेला आणि मी वाचत गेलो. हा लेख म्हणजे त्या मुलीला उशिरा दिलेले उत्तर आहे.

मेफ्लॉवर जहाजावर १०२ प्रवासी होते. त्यांपैकी बरेचजण इंग्लंडच्या सरकारी चर्चपासून फारकत घेतलेले होते. मायदेशात तुरुंगवास आणि दंड सोसून ते आधी हॉलंडमधल्या लायडन शहरात जाऊन राहिले होते. तिथे छळ नव्हता, पण परकेपण होते, गरिबी होती. मुले डच होत चालली होती. म्हणून ते अमेरिकेला निघाले. १६२० च्या डिसेंबरात त्यांनी प्लायमाउथ येथे वस्ती केली आणि पहिल्याच हिवाळ्यात त्यांच्यातली जवळजवळ निम्मी माणसे थंडीने, उपासमारीने आणि आजाराने मेली.

उरलेले जगले ते तिथल्या मूळ रहिवाशांमुळे. ज्या जागी प्लायमाउथ उभे राहिले, तिथे काही वर्षांपूर्वी वाम्पनोआग लोकांचे पाटुक्सेट नावाचे गाव होते. गोऱ्या खलाशांबरोबर आलेल्या साथीने ते ओस पडले होते. त्या गावचा टिस्क्वांटम नावाचा एक माणूस मात्र वाचला, कारण १६१४ मध्ये एका इंग्रज कप्तानाने त्याला पळवून नेऊन स्पेनमध्ये विकायला काढले होते. तिथून तो इंग्लंडला पोहोचला, इंग्रजी शिकला आणि परत आला तेव्हा गावात कोणीच उरले नव्हते. याच माणसाने नव्या लोकांना मका कसा पेरायचा, जमिनीत मासळीचे खत कसे घालायचे ते शिकवले. वाम्पनोआगांचा सरदार मॅसासॉइट याने १६२१ मध्ये त्यांच्याशी तह केला. त्या वर्षीचे पीक हाती आले तेव्हा त्याची सुमारे ९० माणसे पाच हरणे घेऊन आली आणि गोऱ्यांबरोबर तीन दिवस जेवली. आसरा मागणाऱ्यांना आसरा मिळाला, तो असा.

दहा वर्षांनी, १६३० मध्ये, जॉन विन्थ्रॉप यांच्या नेतृत्वाखाली प्युरिटन पंथाचे लोक मोठ्या संख्येने मॅसाच्युसेट्स उपसागराच्या काठी उतरले. बोस्टन शहर त्यांनीच वसवले. १६४० पर्यंत सुमारे २०,००० माणसे त्या बाजूला आली. यात सोने शोधणारे भटके कमी आणि बायकामुलांसह आलेली कुटुंबे जास्त होती.

त्यांचे रोजचे जगणे कष्टाचे होते. एकदोन खोल्यांचे लाकडी घर, मध्यभागी मोठी चूल आणि तिच्यावर दिवसभर टांगलेले लोखंडी भांडे. सुरुवातीच्या घरांत खिडकीला काच नसे, तेल लावलेला कागद असे. गहू नीट येत नसल्यामुळे मक्याच्या पिठाची लापशी हेच मुख्य अन्न, जोडीला घेवडा, भोपळा आणि मासे. एकाच लाकडी ताटात दोघे जेवत. सूत कातणे, चरबीच्या मेणबत्त्या ओतणे, साबण करणे, बाळंतपणे, आजारपणे हे सगळे बायकांकडे. रविवारी मात्र सर्व कामे बंद. ढोल वाजला की गाव प्रार्थनागृहात जमे. स्त्रिया एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, प्रतिष्ठित पुढे आणि सामान्य मागे. हिवाळ्यातही आत शेकोटी नसे आणि प्रवचन तासन्‌तास चाले. कोणी पेंगला तर त्याला काठीने जागे करणारा माणूस नेमलेला असे.

शिक्षक म्हणून मला त्यांची एक गोष्ट फार आवडली. १६४७ मध्ये त्यांनी कायदा केला की ५० घरांच्या गावाने लिहायला-वाचायला शिकवणारा शिक्षक नेमलाच पाहिजे आणि १०० घरांच्या गावाने वरच्या शिक्षणाची शाळा काढली पाहिजे. बायबल प्रत्येकाला स्वतः वाचता यावे, अज्ञानाचा फायदा घेऊन सैतानाने फसवू नये, हा त्यामागचा हेतू. मुलांच्या हाती मुठीची छोटी लाकडी पाटी असे. तिच्यावर मुळाक्षरांचा कागद आणि त्यावर जनावराच्या शिंगाचा पातळ पारदर्शक पापुद्रा बसवलेला. आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी ज्या तख्तीवर अलिफ, बे गिरवले, तिची ही दूरची बहीणच म्हणायची. मुलींना वाचन शिकवीत, लेखन मात्र अनेकींच्या वाट्याला येत नसे.

पण ज्या हातांनी शाळा बांधली, त्याच हातांनी चौकात खोडाही उभा केला. १६३१ पासून मॅसाच्युसेट्समध्ये मताचा अधिकार फक्त चर्चच्या सभासदांना होता. चर्चला न जाणाऱ्याला दंड होता. नाताळ साजरा करणे त्यांना धर्मबाह्य वाटे, म्हणून १६५९ मध्ये नाताळ पाळणाऱ्या ख्रिश्चनालाच पाच शिलिंगांचा दंड ठरला! आपली श्रद्धा मोकळेपणाने पाळण्यासाठी ते आले होते हे खरे. पण ती मोकळीक इतरांनाही द्यायची, असे त्यांच्या मनातही नव्हते. सत्य एकच आहे आणि ते आपल्याला सापडले आहे, अशी त्यांची खात्री होती. मग चूक असणाऱ्याला मोकळीक देणे म्हणजे त्याला नरकात ढकलणे, असा त्यांचा हिशेब होता.

या हिशेबात सर्वांत जास्त भरडले गेले ते क्वेकर. हा ख्रिश्चनांचाच एक पंथ. प्रत्येक माणसाच्या अंतरात ईश्वराचा प्रकाश असतो, त्यासाठी पाद्री लागत नाही, असे ते मानीत. कोणा अधिकाऱ्यासमोर टोपी काढीत नसत आणि शपथ घेत नसत. १६५६ मध्ये मेरी फिशर आणि अ‍ॅन ऑस्टिन या दोन क्वेकर स्त्रिया बोस्टनला उतरल्या. त्यांची पुस्तके जाळली गेली. चेटकिणीच्या खुणा आहेत का हे पाहण्यासाठी कपडे उतरवून त्यांची अंगे तपासली गेली. सुमारे पाच आठवडे कोंडून ठेवून त्यांना परत धाडण्यात आले. पुढे कायदे कडक होत गेले. फटके मारले गेले, कान कापले गेले आणि १६५८ मध्ये, हद्दपार केल्यावर पुन्हा परतलेल्या क्वेकरला फाशी, असा कायदा झाला. १६५९ ते १६६१ या काळात चार जण बोस्टनमध्ये फासावर गेले. त्यांत १ जून १६६० रोजी फाशी गेलेली मेरी डायर ही मुलाबाळांची आई होती. हा कायदा रद्द करा, एवढेच सांगायला ती परत आली होती. शेवटी इंग्लंडच्या राजाने १६६१ मध्ये हुकूम पाठवला तेव्हा फाशी थांबली.

बोस्टनने जिची झडती घेतली त्या मेरी फिशरची पुढची हकीकत आपल्या वाचकांना विशेष वाटेल. १६५८ मध्ये ती तुर्कस्तानात गेली, बराच प्रवास पायी केला आणि अ‍ॅड्रियानोपल येथे उस्मानी सुलतान चौथा मेहमेद याच्यासमोर उभी राहिली. सुलतानाने तिचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले आणि परतीच्या वाटेसाठी सोबत देऊ केली. ती सोबत तिने नम्रपणे नाकारली. स्वधर्मीयांनी कोंडलेल्या बाईला परधर्मीय दरबारात आदर मिळाला. मात्र हे वाचून लगेच छाती फुगवू नये. पुढे अयुबची गोष्ट यायची आहे.

प्युरिटनांमध्येच वेगळा विचार करणारा एक पाद्री होता, रॉजर विल्यम्स. सरकारने माणसाच्या श्रद्धेत हात घालू नये आणि मूळ रहिवाशांची जमीन त्यांच्याकडून विकत घेतल्याशिवाय राजाच्या सनदेवर बळकावू नये, असे तो उघड बोले. १६३५ मध्ये त्याला हद्दपारीची शिक्षा झाली. भर हिवाळ्यात, बर्फातून तो निघाला आणि त्याला आसरा दिला तो पुन्हा मूळ रहिवाशांनीच. नॅरगॅन्सेट सरदारांनी दिलेल्या जमिनीवर १६३६ मध्ये त्याने प्रॉव्हिडन्स गाव वसवले. तो त्यांची भाषा शिकला आणि १६४३ मध्ये तिच्यावर पुस्तकही छापले. १६५५ मध्ये त्याने गावाला एक पत्र लिहिले. त्यातली उपमा मी वर्गात अनेकदा सांगतो. राज्य म्हणजे जहाज. त्यावर कॅथलिक आहेत, प्रोटेस्टंट आहेत, ज्यू आहेत, तुर्क म्हणजे मुसलमानही आहेत. कोणालाही जहाजावरच्या प्रार्थनेला जबरदस्तीने आणू नये, कोणाला त्याच्या प्रार्थनेपासून अडवू नये. मात्र जहाज चालवण्याचे नियम सगळ्यांनी सारखेच पाळावेत.

इथपर्यंतची गोष्ट धर्माची. यापुढची जमिनीची आणि कातडीच्या रंगाची आहे.

मॅसासॉइटच्या मृत्यूनंतर काही वर्षांत त्याचा मुलगा मेटाकॉम सरदार झाला. त्याला इंग्रज 'किंग फिलिप' म्हणत. गोऱ्यांची गुरे वाम्पनोआगांच्या मक्यात शिरत होती, जमीन आकसत होती, तंट्यांचा निवाडा गोऱ्यांच्या कोर्टात होत होता. १६७५ मध्ये युद्ध पेटले. दोन्ही बाजूंची गावे जळाली. प्रॉव्हिडन्सही जळाले. ऑगस्ट १६७६ मध्ये मेटाकॉम मारला गेला आणि त्याचे मुंडके प्लायमाउथमध्ये खांबावर लावण्यात आले. ते वर्षानुवर्षे तिथेच होते. हे तेच गाव, जिथे त्याच्या बापाची माणसे हरणे घेऊन जेवायला आली होती! मेटाकॉमच्या नऊ वर्षांच्या मुलाचे काय करायचे यासाठी पाद्र्यांनी धर्मग्रंथ उघडले. अखेर त्या मुलाला गुलाम म्हणून देशाबाहेर विकण्यात आले.

याच युद्धातली एक गोष्ट मला जास्त लागली. जॉन एलियट नावाच्या पाद्र्याने मूळ रहिवाशांच्या भाषेत बायबलचे भाषांतर करून १६६३ मध्ये छापले होते. अनेकांनी धर्म बदलला होता, वेगळी गावे वसवली होती, केस कापून इंग्रजी पोशाख घातला होता. त्यांना 'प्रार्थना करणारे इंडियन' म्हणत. युद्ध सुरू झाल्यावर त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. १६७५ च्या शरद ऋतूत सुमारे ५०० जणांना बोस्टनच्या खाडीतल्या डिअर बेटावर नेऊन ठेवण्यात आले. अन्न नाही, लाकूडफाटा नाही, निवारा नाही. त्या हिवाळ्यात अनेकजण मेले. मालकांचा धर्म घेतला, भाषा घेतली, पोशाख घेतला, तरी संशय गेला नाही.

आणि रॉजर विल्यम्स? युद्धानंतर पकडलेल्या मूळ रहिवाशांना ठरावीक वर्षांच्या चाकरीसाठी विकण्याच्या व्यवहारात तोही सामील होता. ज्यांनी त्याला बर्फात आसरा दिला त्यांचेच हे भाऊबंद. हे वाचल्यावर मी दोन दिवस पुस्तक बंद ठेवले.

दक्षिणेला, व्हर्जिनियात, चित्र वेगळे होते. तिथे लोक धर्मासाठी नव्हे, नफ्यासाठी आले होते. १६०७ मध्ये वसलेल्या जेम्सटाउनमध्ये १६०९-१० च्या हिवाळ्यात अशी उपासमार झाली की सुमारे ५०० पैकी जेमतेम ६० जण वाचले. मेलेल्या माणसाचे मांस खाल्ल्याच्या खुणा २०१२ च्या उत्खननात एका मुलीच्या कवटीवर सापडल्या. या वसाहतीला तारले ते तंबाखूने, आणि तंबाखूला हात लागतात. सुरुवातीला हे हात इंग्लंडमधल्या गरिबांचे होते. जहाजाच्या भाड्यापोटी चार ते सात वर्षे मालकाकडे राबायचे, असा करार. मालक त्यांना मारीत, विकत, बदलीत. करार संपण्याआधीच कित्येकजण मरत. ऑगस्ट १६१९ मध्ये वीसहून थोडे अधिक आफ्रिकी लोक इथे आणून विकण्यात आले. त्यानंतरही बरीच वर्षे गोरे आणि काळे चाकर एकाच शेतात राबत आणि एकत्र पळूनही जात.

हे एकत्र असणे कायद्याने हळूहळू तोडले. १६४० मध्ये तीन चाकर पळाले आणि पकडले गेले. दोन गोऱ्यांची चाकरी चार वर्षांनी वाढली. तिसरा जॉन पंच काळा होता, त्याला जन्मभराची चाकरी. एलिझाबेथ की हिचा बाप इंग्रज, आई आफ्रिकी. आपला बाप इंग्रज आहे आणि आपला बाप्तिस्मा झाला आहे, या आधारावर तिने १६५६ मध्ये कोर्टात स्वातंत्र्य मिळवले. ही वाट इतरांना सापडू नये म्हणून १६६२ मध्ये कायदा झाला की मुलाचा दर्जा आईवरून ठरेल, आणि १६६७ मध्ये दुसरा कायदा झाला की बाप्तिस्म्याने गुलामगिरी सुटत नाही. १६७६ च्या बेकनच्या बंडात गोरे चाकर आणि काळे गुलाम एका बाजूने लढले आणि जेम्सटाउन जाळले गेले. ते बंडही मूळ रहिवाशांच्या कत्तलीतून सुरू झाले होते, हे विसरू नये. पुढे १७०५ च्या कायद्याने गुलामांची गुरेढोरे काढून घेतली आणि ती विकून आलेला पैसा गोऱ्या गरिबांना वाटायचे ठरवले. गरिबाला गरिबापासून तोडण्याची ही युक्ती फक्त व्हर्जिनियापुरती राहिली नाही.

याच व्हर्जिनियाच्या १६८२ च्या कायद्यात एक ओळ आहे. ख्रिश्चन देशांतले नसलेले जे चाकर आणले जातील ते गुलाम, अपवाद फक्त इंग्लंडच्या राजाशी मैत्री असलेल्या तुर्कांचा आणि मूरांचा. म्हणजे ज्याच्या पाठीशी सुलतान त्याला सूट. आफ्रिकेतल्या साध्या मुसलमानाच्या पाठीशी कोण होते?

अयुब सुलेमान डायलो हा असाच एक मुसलमान. सेनेगलच्या बाजूच्या बुंदू प्रदेशातल्या धर्मपंडिताचा हा मुलगा, कुराण मुखोद्गत असलेला हाफिज. १७३१ च्या सुमारास त्याला पकडून मेरीलँडमध्ये तंबाखूच्या शेतावर विकण्यात आले. नमाज पढायला तो रानात जाई, तर एक गोरा मुलगा येऊन त्याची टिंगल करी आणि तोंडावर माती फेकी. कंटाळून तो पळाला आणि तुरुंगात पडला. तिथे थॉमस ब्लूएट नावाच्या माणसाला तो भेटला. त्याने दारूचा पेला नाकारला, अल्लाचे नाव घेतले, तेव्हा हा मुसलमान आहे हे लोकांना कळले. त्याने बापाला अरबीत लिहिलेले पत्र लंडनला पोहोचले. पैसे गोळा झाले, १७३३ मध्ये तो इंग्लंडला गेला, तिथे त्याने आठवणीतून कुराणाच्या प्रती लिहून काढल्या आणि १७३४ मध्ये तो मायदेशी परतला.

आपल्याकडे अयुबची गोष्ट सांगताना बहुधा इथे थांबतात. पण तो पकडला कसा गेला? बापाच्या सांगण्यावरून दोन माणसे इंग्रजांना विकायला तो गँबिया नदीकाठी गेला होता. त्यांना विकून परतताना तो स्वतःच पकडला गेला आणि त्याच जहाजावर विकला गेला. त्याची गोष्ट आपण पूर्ण सांगितली पाहिजे. अर्धी सांगितली तर ती फक्त आपल्या दुःखाची राहते.

मग या सगळ्या काळात वेगळे वागणारे कोणीच नव्हते का? होते, आणि ती फार साधी माणसे होती. आजचे न्यूयॉर्क तेव्हा डचांच्या ताब्यात होते. गव्हर्नर पीटर स्टायवेसंट याने १६५४ मध्ये ब्राझीलहून आलेल्या २३ ज्यू निर्वासितांना हाकलायचा प्रयत्न केला होता. मग त्याने क्वेकरांना घरात घेणाऱ्यावर मोठा दंड बसवला. तेव्हा लाँग आयलंडवरच्या फ्लशिंग गावचे लोक जमले आणि २७ डिसेंबर १६५७ रोजी त्यांनी गव्हर्नरला अर्ज लिहिला. गावचा कारकून एडवर्ड हार्ट याने तो लिहून काढला. ३० जणांनी सह्या केल्या. ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांनी खूण केली. अर्जाचा आशय असा, की प्रेमाचा आणि मोकळिकीचा कायदा ज्यू, तुर्क आणि इजिप्तच्या लोकांनाही लागू आहे, कारण तेही आदमचीच लेकरे आहेत. म्हणून कोणी आमच्याकडे प्रेमाने आला तर आम्ही त्याच्यावर हात टाकू शकत नाही.

या ३० जणांत एकही क्वेकर नव्हता. तुर्क तर त्या भागात जवळजवळ नव्हतेच. डच कागदपत्रांत 'तुर्क' म्हणून नोंदलेला, मोरोक्कोतल्या साले बंदराशी नाते सांगणारा अँथनी यानसन नावाचा एक जमीनदार तेवढा त्याच बेटावर राहत होता. म्हणजे या लोकांनी जे मागितले ते स्वतःसाठी नव्हते.

ते जिंकले, असे मात्र नाही. हार्टला तुरुंगात टाकले. आठवडे काढून, माफी मागून तो सुटला. गावचा अंमलदार टोबायस फीक याची नोकरी गेली. काहींनी सह्या मागे घेतल्या. पण पाच वर्षांनी, १६६२ मध्ये, त्याच गावच्या जॉन बाउनने आपल्या घरात क्वेकरांची सभा भरवली. त्याला पकडले. त्याने दंड भरला नाही, म्हणून त्याला जहाजात घालून देशाबाहेर धाडले. त्याने थेट अ‍ॅमस्टरडॅममध्ये कंपनीच्या संचालकांपुढे दाद मागितली. १६६३ मध्ये संचालकांनी गव्हर्नरला लिहिले की माणसांच्या सदसद्विवेकावर जबरदस्ती करू नका. त्यात व्यापाराचा आणि वस्ती वाढण्याचा हिशेबही होता. पण बाउन घरी परतला. त्याचे घर अजून उभे आहे, आणि त्याच्या नावाच्या रस्त्यावर १९७७ पासून गणपतीचे मंदिरही आहे.

आता त्या मुलीचे उत्तर. ज्यांनी जुलूम सोसला ते आपोआप न्यायी होत नाहीत. प्लायमाउथच्या लोकांना स्वतःपुरता आसरा हवा होता, तो मिळाल्यावर त्यांनी दार लावून घेतले. फ्लशिंगच्या लोकांनी दुसऱ्यासाठी दार उघडे ठेवले आणि त्याची किंमत मोजली. फरक एवढाच, पण तो फार मोठा आहे.

हे लिहिताना मला दोन प्रसंग आठवतात. बी.एड.ला असताना शहरात खोली शोधत होतो. भाडे ठरले, किल्ली हातात यायची होती, तेवढ्यात नाव विचारले गेले आणि खोली 'आधीच दिलेली' निघाली. ही गोष्ट मी खूप जणांना सांगितली आहे. दुसरी आजवर कोणाला सांगितली नाही. काही वर्षांनी आमच्याच मोहल्ल्यात दुसऱ्या मसलकचे एक कुटुंब भाड्याने घर मागत होते. बैठक झाली. चार वडीलधाऱ्यांनी नको म्हटले. बैठकीत लिहिता-वाचता येणारा, कागद-पेन घेऊन बसलेला मीच होतो. मी काही बोललो नाही. ते कुटुंब दुसरीकडे गेले.

एडवर्ड हार्टही कारकूनच होता. ती मुलगी आता शाळा सोडून गेली आहे. पुन्हा कधी भेटली तर मी तिला अमेरिकेची हकीकत सांगेन, आणि त्यानंतर ही दुसरी गोष्टही सांगेन.